भावजींनी न पाहिलेली फायनल

गेल्या साली आमच्या भावजींचा सत्कार झाला. गारखेड्यातल्या एका मंगल कार्यालयात. शाल, श्रीफळ, आणि काचेच्या पेटीत बसवलेला एक चेंडू, जो आता कुणालाच खेळता येणार नाही. भाषणं लई झाली. एका पाहुण्यांनी तर रंगवून सांगितलं, की मुलींच्या पहिल्या फायनलला बद्रीनाथ सरांनी, म्हणजे आमच्या भावजींनी, बाकावर बसल्या बसल्या नुसतं एक बोट वर केलं आणि सामना फिरला. टाळ्या पडल्या. मी पहिल्या रांगेत होते. भावजींनी माझ्याकडं बघितलं, मी त्यांच्याकडं, आणि दोघांनीही तोंड उघडलं नाही. पाहुण्यांचा चेहरा इतका आनंदी होता, की तो मोडायचं जिवावर आलं.

खरं असं आहे, की त्या दिवशी भावजी मैदानावर नव्हतेच. ते फुलंब्रीच्या अलीकडं कापूस वेचलेल्या एका पऱ्हाटीच्या रानात, हातात काठी घेऊन मेंढ्यांमागं उभे होते. बाकावर मी बसले होते, आणि मी काही बोट वर केलं नव्हतं.

म्हणून म्हटलं, आपणच लिहून ठेवावं. माझी शाळा दुसरीपर्यंतच झाली. अक्षर मोठं येतं, कागद जास्त लागतो, एवढंच.

भावजी म्हणजे माझे धाकटे दीर. पोलीस ॲक्शन झालं त्याच वर्षीचा जन्म. सासूबाई सांगायच्या, बाहेर सगळं गाव पळत होतं, म्हणून हाही पोटातून पळतच आला. मी लग्न होऊन आले तेव्हा ते चड्डीत होते आणि माझ्या माहेरच्या लाडवांवर डोळा ठेवून होते. गारखेडा तेव्हा शहर नव्हतं, रान होतं. तिथून ते शहरातल्या कॉलेजात चालत जायचे. कॉलेजच्या मैदानावर एक लाकडी बोर्ड आणि लोखंडी रिंग होती. उंच पोरगा बघून कुणीतरी चेंडू फेकला, आणि आमचा माणूस घरातून गेला तो गेलाच.

पुढं ते विद्यापीठाकडून खेळले. पेपरात फोटो आला. आमच्या गल्लीत तो फोटो न्हाव्याच्या दुकानात आरशाच्या वर डकवला होता, आणि दाढीला आलेला माणूस आरशात स्वतःला बघायच्या आधी भावजींना बघायचा. मुंबईच्या एका कंपनीनं नोकरी देऊ केली होती, नुसतं खेळायचं आणि पगार घ्यायचा. भावजी म्हणाले, मी तिकडं गेलो तर इकडं रिंगकडं बघणार कोण. अमरावतीला जाऊन व्यायामाचा कोर्स केला आणि हर्सूलच्या रस्त्यावरच्या एका शाळेत पीटीचे मास्तर झाले.

लग्न काही झालं नाही. एकदा मीच एक स्थळ आणलं होतं. मुलगी चांगली उंच. भावजी इतके खूष झाले, की मला वाटलं जमलंच. मग त्यांनी तिला एकच प्रश्न विचारला, जागेवरून किती उंच उडी मारता येते. मुलीच्या बापानं पोह्याच्या बशा आत न्यायला सांगितल्या. परत येताना मी त्यांच्याशी गारखेड्यापर्यंत बोलले नाही. त्यांनाही ते कळलं नाही, कारण ते बोर्डाला रंग कोणता द्यावा याचा विचार करत होते.

तर त्या शाळेत त्यांनी मुलींची टीम काढली. साल एकोणऐंशी असेल. मुलींना बास्केटबॉल हे आमच्या भागात कुणी ऐकलं नव्हतं. आई-बापांची पहिली तक्रार कपड्यांची. ती मी मिटवली. गुडघ्याच्या खाली चार बोटं येतील अशा निळ्या चड्ड्या शिवल्या, घेर असा की एकीत दोघी मावतील. दुसरी तक्रार, की पोरींबरोबर बाईमाणूस कोण. टीमला एक लेडी मॅनेजर लागते असा नियमही होता. शाळेत बाई एकच, त्यांचं मूल अंगावरचं. भावजींनी मला न विचारता माझं नाव देऊन टाकलं. आमचे मालक, काकासाहेब, एस.टी.त होते. ते महिनाभर मला मॅनेजरसाहेब म्हणून हाक मारायचे आणि चहा मागायचे.

टीममध्ये पोरी बऱ्याच होत्या, पण टीम म्हणजे सखू. धनगराची पोर, आठवीत. पावसाळ्यात हर्सूलच्या तलावामागं त्यांचं बिऱ्हाड असायचं. बाप त्रिंबक, आई राजाबाई, आजा केरबा. खेळात पहिल्या दिवशी सगळ्या पोरी चेंडूमागं धावत सुटल्या, आणि ही एकाच जागी उभी. भावजींना वाटलं घाबरली. तेवढ्यात चेंडू फिरून फिरून हिच्याच हातात आला. असं दोनदा झाल्यावर भावजींनी विचारलं, तर म्हणाली, मेंढरामागं पळालं की मेंढरू लांब जातं, म्होरं जाऊन उभं राहावं. त्या संध्याकाळी भावजी घरी आले ते जेवलेच नाहीत. नुसते हसत होते. मी मालकांना म्हटलं, भावजींना कुणीतरी आवडलेलं दिसतंय. आवडलं होतंच, पण ती चेंडू अडवायची रीत होती.

अडचण दिवाळीला आली. दिवाळी झाली की धनगर मेंढ्या घेऊन निघतात. त्रिंबकचा कळप पैठणकडं, गोदेच्या काठाला जायचा तो मृग लागल्यावर परत यायचा. आतापर्यंत सखू आज्याजवळ मागं राहायची. पण केरबाबाबांची नजर कमी झाली, त्यांना मागं ठेवणं जमेना, आणि सखूच्या थोरल्या बहिणीचं लग्न झालं होतं. कोकरांना सांभाळायला राजाबाईला हात पाहिजे होता. म्हणजे सखू चालली. शाळा सुटली, टीम सुटली. आणि विभागाची स्पर्धा होती संक्रांतीनंतर, आमच्याच शहरात.

भावजी त्रिंबककडं गेले. सखूला आमच्या घरी ठेवा म्हणाले. त्रिंबक शांतपणे म्हणाला, "मास्तर, तुमचं घर चांगलं हाय. पण पोरगी दुसऱ्याच्या घरी ठिवून मी पैठणला झोपंन कसा?" भावजी घरी येऊन ओसरीवर बसले. म्हणाले, "वहिनी, पोरगी ठेवत नाय."

मी म्हटलं, "पोरगी नाय ठेवत, तर मेंढ्या ठेवा."

ही काही मोठी अक्कल नव्हती. शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या कुणालाही सुचलं असतं. पीक निघालं की शेतकरी धनगराला बोलावतात, मेंढ्या रानात बसवतात. रात्री भोवती जाळीची वाघर लावायची, मेंढ्या आत. सकाळी रानाला खत, धनगराला धान्य. ज्याचं बोलावणं येईल तिकडं कळप जातो. त्रिंबकला पैठणकडून बोलावणं होतं. आपल्याकडून असतं तर तो कशाला गेला असता?

फुलंब्री माझं माहेर. भाऊबीजेला मी गेले तेव्हा भावजीही बरोबर. मला दोन भाऊ. थोरला तात्यासाहेब, धाकटा कारभारी. दोघांची रानं लागून, मधी एकच बांध, आणि त्या बांधावरून दोघांचं बोलणं वर्षानुवर्षं बंद. मी सकाळी एकाकडं ओवाळायची, दुपारी दुसऱ्याकडं. तात्यासाहेब युरियाचा माणूस. मेंढ्यांनी रानात काटे येतात म्हणायचा. त्याला विचारण्यात अर्थ नव्हता. म्हणून मी कारभारीला ओवाळलं, आणि तो ताटात साडी ठेवायला लागला तेव्हा हात धरला.

"कारभारी, साडी नको. तुझं बाजरीचं रान मोकळं हाय. त्यात त्रिंबकच्या मेंढ्या बसव."

त्याची बायको साळूबाई साडी उचलून म्हणाली, बरं झालं, हा रंग मलाच आवडला होता. ओवाळणी झाली.

दोन दिवसांनी कळप आला. पुढं घोडी, तिच्यावर बिऱ्हाड, कोकरं, कोंबड्या. मेंढ्या कुठं बसवायच्या ती जागा दाखवायचं काम भावजींनी अंगावर घेतलं. मास्तर माणूस. त्यांनी शाळेतून फक्कीची पिशवी आणली होती. दिवस मावळता मावळता त्यांनी रानात पांढऱ्या फक्कीनं चौकोन आखला, कोर्ट आखावं तसा, कोपरे अगदी काटकोनात. त्रिंबक म्हणाला, मेंढरांना एवढं नीटनेटकं लागत नाय मास्तर. पण आखलंय तर आखलंय, म्हणून त्यानं रेघेवरून वाघर लावली.

सकाळी कारभारी रानात गेला, तर त्याचं रान कोरं. मेंढ्या रात्रभर बांधाच्या पलीकडं, तात्यासाहेबाच्या रानात बसल्या होत्या. भावजी गारखेड्याचे. त्यांना बांध कळला, पण कुठल्या अंगाला कोण ते कळलं नव्हतं.

मला बोलावणं आलं. मी गेले तर बांधाच्या इकडं कारभारी, तिकडं तात्यासाहेब, आणि मधी बांधावरच भावजी, हाताला अजून फक्की.

"अक्का," कारभारी म्हणाला, "ओवाळणी मी घातली आन् ताट गेलं दादाच्या घरी."

तात्यासाहेबानं तंबाखू मळली. त्याच्याकडं न बघता मला म्हणाला, "भागू, त्याला सांग, मी कुणाला बोलावलं नव्हतं. माझ्या रानात न विचारता आलेत."

"अक्का, त्यांना म्हणावं, मग उचलून इकडं द्या."

"त्याला म्हणावं, ये आन् वेच."

दोघंही एवढं बोलले, ते माझ्यातून का होईना, पण किती वर्षांनी. मी मनात म्हटलं, भावजींनी चुकीच्या जागी रेघ मारली, पण रेघ चांगली मारली. न्यायाला केरबाबाबांना बोलावलं. म्हाताऱ्यानं ऐकून घेतलं आणि सांगितलं, की झालं ते झालं. आता पलीकडं जेवढ्या राती झाल्या तेवढ्या अलीकडं होतील, आन् वरती एक, बोलावणाऱ्याचा मान म्हणून.

ही वरची एक रात्र तात्यासाहेबाला टोचली. कारभारीच्या रानात मेंढ्या बसल्या तसा तो रोज बांधावर येऊन बघायचा. त्याची बायको लक्ष्मीबाई मला म्हणाली, वन्सं, यांना झोप नाय. मी तिला एवढंच म्हटलं, की कारभारीची बाजरी पुढच्या साली तुमच्यापेक्षा हातभर उंच दिसणार हे मात्र खरं. लक्ष्मीबाईनं ते घरी पोचवलं. आठवड्यात युरियाच्या माणसाचा निरोप आला, वरच्या तुकड्यातही मेंढ्या बसवायच्यात. मग कारभारीला खालचा तुकडा आठवला. तो झाला तशी तात्यासाहेबाची पऱ्हाटी वेचून संपली, मेंढ्यांना पाला मिळाला. मग भावकीतले, शेजारचे. कार्तिक गेला, मार्गशीर्ष गेला, पौष लागला. पैठणचं बोलावणं तसंच राहिलं.

सखू सकाळी फकिराच्या दुधाच्या टेम्पोत बसून शाळेला यायची. दुपारी मैदानावर खेळायची. संध्याकाळी भावजी तिला लुनाच्या मागं बसवून परत सोडायचे, चेंडू जाळीत घालून गळ्यात. मालकांनी भंगारातलं एक लोखंडी कडं आणून दिलं होतं. कळप ज्या रानात असेल तिथल्या लिंबाला किंवा बाभळीला ते कडं बांधायचं, आणि उजेड असेपर्यंत सराव. उडी डाव्या पायावर मार, हे भावजी रोज सांगायचे, पण सखू गडबडली की उजव्यावर मारायची आणि चेंडू कड्याबाहेर जायचा. चार भाकरी जास्त व्हायला लागल्या, तसं राजाबाईनं भावजींना सांगितलं, की नुसतं बसून खाऊ नका, मेंढ्या वळवायला लागा. ते लागले. कळपाचं काळं कुत्रं कुणाला जवळ येऊ द्यायचं नाही, ते भावजींच्या पायाशी झोपायला लागलं. मेंढ्या त्यांच्या शिट्टीला मात्र बिचकायच्या. शिट्टी त्यांनी खिशात ठेवली आणि त्रिंबकसारखी जीभ टाळ्याला लावून हाक मारायला शिकले. घरी तीच हाक त्यांनी एकदा आमच्या पोरांना मारली. पोरं आली.

त्रिंबक काही दूधखुळा नव्हता. एक दिवस तो भावजींना म्हणाला, "मास्तर, मेंढरं तुमी बांधून ठिवलीत. दावं दिसत नाय एवढंच." त्रिंबकच पुढं म्हणाला, "पोरीचा सामना हुईस्तवर हाय मी. दुसऱ्या दिशी निघणार, आन् पोरगी संगं येणार."

भावजी रात्री जेवताना मला म्हणाले, "वहिनी, त्यांनी तिला खेळताना बघितलं नाय. लिंबाखाली बघितलं, ते खेळणं नव्हं. एकदा मैदानावर बघितलं की हा माणूस तिला नेणार नाय."

"एवढी खात्री?"

"मी तिला रोज बघतो."

टीम उपांत्य सामना जिंकली आणि फायनलला आली. समोर नांदेडच्या पोरी, लाल कपड्यातल्या. भावजी मला घेऊन त्रिंबकला सांगायला गेले, की उद्या तुम्ही दोघांनी, केरबाबाबांनी, सगळ्यांनी यायचं. त्रिंबक म्हणाला, कळप सोडून? आम्ही तिघं उठून आलो तर मेंढरं कोण बघणार? कारभारीच्या पोरांवर तो सोडायला तयार नव्हता. मी म्हटलं, मी थांबते. त्या काळ्या कुत्र्यानं मला वाघरेजवळ तरी येऊ दिलं असतं का, असं राजाबाईनं हसून विचारलं. घरची तिघं सोडून कळप एकाच माणसाला ओळखत होता.

भावजी म्हणाले, "मी थांबतो. तुम्ही जा."

मला वाटलं गंमत करतात. वाटेत लुनावर मी त्यांना विचारलं, अहो, एवढ्या मेहनतीनं फायनलला आलात, आणि बाकावर कोण बसणार? ते म्हणाले, "मॅनेजर हायेत की." मग मला समजावून सांगितलं. काही करायचं नाही. पोरींना काय करायचं ते ठाऊक आहे. पाणी द्यायचं. कुणी रडली तर रडू द्यायचं, पुसायचं नाही. सखू गडबडली तर बाहेर घेऊन दोन मिनिटं बसवायची. रेफ्रीशी भांडायचं नाही. हे शेवटचं त्यांनी दोनदा सांगितलं.

दुसऱ्या दिवशी नऊवारी नेसून मी बाकावर बसले. रेफ्री लष्कराच्या छावणीतले. त्यांनी इकडं-तिकडं बघितलं आणि विचारलं, "भाभी, कोच किधर है?" मी सांगितलं, शेतात. माझा पडलेला चेहरा बघून त्यांना वाटलं शेतात कुणी वारलं. त्यांनी टोपी काढली आणि पुढं काही विचारलं नाही.

मैदानाच्या कडेला जमिनीवर त्रिंबक, राजाबाई आणि केरबाबाबा बसले होते, बाप्यांची पांढरी पागोटी, हातात काठ्या. आणि गंमत म्हणजे एका टोकाला तात्यासाहेब, दुसऱ्या टोकाला कारभारी. दोघंही आपापल्या शेजाऱ्याला सांगत होते, की ही पोरगी आमच्या रानात शिकली.

सामना सुरू झाला, आणि भावजींच्या हिशेबात एक गोष्ट राहून गेली होती ते मला तेव्हाच दिसलं. सखू आपल्या बापासमोर आणि आज्यासमोर कधी मान वर करून उभी राहिली नव्हती. लिंबाखाली ते कोकरांच्या नादात असायचे, तिच्याकडं बघत नसत. इथं तिघंही डोळे लावून बसलेले. चेंडू आला तर ही हात पोटाशी धरून घेई आणि लगेच दुसरीला देऊन टाकी. उडी नाही, हाक नाही. हात वर करायची वेळ आली की आधी चोरून बापाकडं बघे. नांदेडच्या पोरी तिच्या अंगावरून जात होत्या. माणसं म्हणायला लागली, हीच का ती?

मी तिला बाहेर घेतलं, शेजारी बसवलं. पाणी दिलं. म्हटलं, काय होतंय? ती खाली बघून म्हणाली, "बा बसलाय." मीही सासऱ्यांसमोर पदर डोळ्यांपर्यंत ओढूनच जन्म काढलेला. मला तर ते बरोबरच वाटत होतं. मी नुसती तिच्या पाठीवर हात ठेवून बसले आणि तिला परत पाठवलं. मागं वळून त्रिंबककडं बघितलं, तर तो काठीची गाठ चाचपत होता. लाजला होता तो पोरीसाठी. मला वाटलं, संपलं. उद्या सकाळी घोडीवर बिऱ्हाड चढणार.

तेव्हा राजाबाई उठली. सावकाश, कमरेवर हात ठेवून. सगळं मैदान ऐकेल अशा आवाजात लेकीला म्हणाली, "सखे, रानात लांडगा आला तर बापाला इचारून वरडतीस का गं? हात काय शेणात भरलेत तुझे? घे की तो चेंडू."

लोक हसले. रेफ्रीही हसले. राजाबाई हसली नाही. तिनं जीभ टाळ्याला लावून तीच हाक मारली, कळप पिकात शिरला की मारतात ती. सखूची मान आपोआप वर झाली. त्या हाकेला तिचं अंग जन्मापासून उठत आलेलं, त्यात विचार करायला जागा नसते.

पुढचं मला नीट सांगता येत नाही. एवढं सांगते, की लाल पोरी ज्या वाटेनं निघत त्या वाटेवर सखू आधीच उभी असे. चेंडू तिच्या हातात, तिथून पुढं, तिथून वर. आमच्या बाकीच्या पोरींनाही कंठ फुटला. केरबाबाबांना दिसत नव्हतं. ते दर वेळी विचारत, आपली का त्यांची, आणि राजाबाई सांगे, आपली. शेवटी शेवटी त्यांनी विचारणंच सोडलं. मी रेफ्रीशी एकदाच भांडले. ते भावजींना अजून सांगितलेलं नाही, इथं वाचतील.

आम्ही एका बास्केटनं जिंकलो. कप घेऊन टीमच्या पोरी नाचत शाळेकडं गेल्या. सखू, घरची तिघं आणि मी फकिराच्या टेम्पोतून रानाकडं निघालो. वाटेत सखू भडाभडा बोलायला लागली, तर त्रिंबक म्हणाला, "गप. मास्तरला मी सांगणार."

ऊन कलतीला आलं होतं. भावजी पऱ्हाटीत उभे, सगळ्या अंगाला कापसाचे पुंजके, टोपीवरसुद्धा. कुत्रं त्यांच्याजवळ. आम्हाला बघून ते जागचे हलले नाहीत. आधी त्रिंबक कळपात शिरला. एकेका मेंढीच्या पाठीवर हात फिरवत या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला, लंगड्या मेंढीचा खूर बघितला, कोकरं बघितली. तेवढा वेळ भावजींनी त्याच्याकडंच बघितलं, आमच्याकडं नाही. मग त्रिंबक येऊन बांधावर बसला. भावजीही बसले.

त्रिंबकनं सामना सांगायला सुरुवात केली. त्याला नियम एकही ठाऊक नव्हता. तो सांगत होता, की लाल पोरी कशा फुटून निघायच्या, सखू कशी म्होरं जाऊन उभी राहायची, चेंडू कसा आडवा यायचा. भावजी मान खाली घालून ऐकत होते, लहान पोर गोष्ट ऐकतं तसे. मधीच त्यांनी विचारलं, "शेवटची उडी तिनं कुठल्या पायावर मारली?"

त्रिंबकनं डोळे मिटून आठवलं. "डाव्या."

भावजी हसले.

"मास्तर, आधी जितलं का हरलं ते इचारा की."

"डाव्या पायावर मारली ना. कळलं मला."

त्रिंबक काठी टेकून उठला. मग वळून बायकोला म्हणाला, "पोरीची घोंगडी टेम्पोत टाक." राजाबाईनं बिऱ्हाडातून घोंगडी काढली, झटकली, घडी घातली. मग माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, बाई, तिला सकाळी दूध लागतं, चहा देऊ नका, आन् कोकराची आठवण काढून रडली तर रागवू नका.

सखू मॅट्रिकपर्यंत आमच्याकडं राहिली. पुढं टीम राज्यावर गेली, तिथं हरली, आणि चांगलीच हरली. त्याचं भावजींना वाईट वाटलं, पण फार दिवस नाही, कारण पुढच्या वर्षीच्या पोरी आल्या होत्या. सखू आता परभणीकडं एका शाळेत खेळाची बाई आहे, लवकरच रिटायर होईल. भावजींच्या हाताखालून किती पोरी गेल्या ते त्यांनाही सांगता येणार नाही. पोलिसात आहेत, नर्स आहेत, काही नुसत्या घर बघतात आणि पोरांना मैदानावर पाठवतात. तात्यासाहेब आणि कारभारी अजूनही माझ्यातूनच बोलतात, पण बोलतात.

त्या संध्याकाळी राजाबाई टेम्पोच्या कडेला हात लावून उभी होती आणि सखू मुसमुसत घोंगडीवर बसली होती. फकिरानं गाडी सुरू केली. भावजी लुना ढकलत जवळ आले, सखूकडं बघितलं, आणि म्हणाले, "उद्या सहाला मैदानावर. डावा हात अजून कच्चा हाय तुझा."